मद्रासची धूळपाटी

मराठीत ‘धुळाक्षरे’ असा एक जुना शब्द आहे. एखाद्या विषयात कोणी अगदीच नवखा असला, म्हणजे ‘अजून तो धुळाक्षरेच गिरवीत आहे’ असे आपण म्हणतो. या शब्दामागे एक प्रत्यक्ष वस्तू होती, हे मात्र आता बहुतेकांच्या ध्यानात राहिलेले नाही. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरीत आणि मूल बोटाने अथवा काडीने तिच्यावर अक्षर काढी. अक्षर चुकले तर पाटी हलवावयाची, की धूळ पुन्हा सपाट! शाई सांडण्याचे भय नाही, कागद वाया जाण्याची चिंता नाही, आणि चुकीचा पुरावा तर क्षणभरही मागे उरत नाही. चुकण्याची इतकी मोकळीक देणारे दुसरे शैक्षणिक साधन सापडणे कठीण.

लहान मुलांच्या वर्गात खेळ असावेत, चित्रे असावीत, गाणी आणि गोष्टी असाव्यात, हाताने काही करावयास मिळावे, आणि या सर्वांतून मुलाची कल्पकता जागी व्हावी, हे मत आज कोणालाही मान्य होईल. हा विचार पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तीत तथ्यांश आहेच. परंतु एक महत्त्वाचा प्रवास उलट दिशेनेही झाला आणि तो सुरू झाला मद्रास शहरातून. १९९६ मध्ये ज्याचे नाव चेन्नई झाले, त्या या शहराने गेल्या सव्वादोनशे वर्षांत प्राथमिक शाळेच्या वर्गात तीन मोठे प्रयोग पाहिले. त्या तीन प्रयोगांची ही हकीगत आहे.

ती सांगण्यात माझा एक हेतू आहे. सरकारी कचेरीत बसून परिपत्रके लिहिणे आणि इतरांनी लिहिलेली परिपत्रके अमलात आणणे, हा माझ्यासारख्यांचा रोजचा व्यवसाय. म्हणून एक प्रश्न मला नेहमी सतावतो. मुलाला स्वतंत्रपणे विचार करावयास लावणारी एखादी रीत कोठे सापडली, तर ती हजारो शाळांत नेता येते काय? आणि नेता येत असली, तर तिच्यातला प्राण वाटेत हरवू नये म्हणून काय करावे? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.

पहिला प्रयोग अठराव्या शतकाच्या अखेरीचा. अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७५३ साली जन्मलेला धर्मोपदेशक १७८७ मध्ये मद्रासला आला आणि १७८९ मध्ये एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. कंपनीच्या फौजेतील युरोपीय शिपायांची मुले या आश्रमात राहत. त्यांतील पुष्कळांच्या माता हिंदी होत्या. बाप लढाईत पडलेला किंवा निघून गेलेला, आणि समाजात धड इकडचे नाही की तिकडचे नाही, अशी ही मुले. त्यांना शिकविणारे शिक्षकही बेताचेच होते. साधी अक्षरओळख करून देण्यात त्यांचे महिनेच्या महिने जात आणि मुले कंटाळून जात.

अशा वेळी बेलच्या दृष्टीस एक देशी शाळा पडली. त्या काळचे इंग्रज तामिळ लोकांनाही ‘मलबारी’ म्हणत, म्हणून बेलने तिचा उल्लेख मलबारी शाळा असा केला आहे. तामिळ प्रदेशात अशा शाळेस ‘तिण्णै पळ्ळिक्कूडम्’ म्हणत. तिण्णै म्हणजे घराची ओटी. ओटीवर किंवा झाडाखाली भरणारी ती पंतोजींचीच शाळा म्हणा ना! तेथे मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे काढीत होती. बेलला हे दृश्य फार आवडले. आपल्या आश्रमातही सर्वांत खालच्या वर्गाला अक्षरे अशीच शिकवावीत, असे त्याने शिक्षकांना सांगितले. शिक्षकांनी ते मनावर घेतले नाही. हे होणे शक्यच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

येथे बेलने जे केले, त्यामुळे त्याचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले. शिक्षक ऐकत नाहीत असे दिसताच त्याने तो वर्ग जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. हा एका साध्या शिपायाचा मुलगा. मोठ्यांना जे अशक्य वाटत होते, ते या मुलाने करून दाखविले. त्यानंतर बेलने इतर वर्गांतही मुलांनाच शिकविण्याचे काम दिले. मुलांच्या भांडणांचा आणि अपराधांचा निवाडाही मुलांच्याच पंचांकडे सोपविला. १७९६ मध्ये बेल मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी या अनुभवाची हकीगत त्याने लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ‘मद्रास पद्धती’ हे नाव मग सर्वतोमुखी झाले. त्याच्या जन्मगावी त्याने दिलेल्या देणगीतून उभी राहिलेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ या नावाने चालते.

या हकीगतीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली गोष्ट वाळू. वाळूत लिहिताना मुलाचे बोट, डोळा आणि कान ही सारी एकाच वेळी कामास लागतात आणि चूक ही अगदी स्वस्त होते. दुसरी गोष्ट म्हणजे मुलावरील विश्वास. नुकतेच शिकलेले मूल दुसऱ्याला शिकविते, तेव्हा स्वतःला काय समजले आणि काय समजले नाही हे त्याला पहिल्यांदा कळते. समोरच्याला समजावे म्हणून ते नवे उदाहरण शोधते, नवी खूण काढते. सर्जनशील विचार म्हणून आज ज्याचा गौरव होतो, त्याचा उगम अशाच ठिकाणी असतो.

आता या पद्धतीचे पुढे काय झाले ते पाहा. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर नावाच्या तरुणाने १७९८ पासून गरीब मुलांसाठी शाळा चालविली होती. त्यानेही बेलच्या पुस्तकातून प्रेरणा घेतली आणि एकच शिक्षक हजार मुलांना शिकवू शकेल, अशी ग्वाही तो देऊ लागला. १८११ मध्ये इंग्लंडच्या धर्मपीठाशी संलग्न अशी नॅशनल सोसायटी स्थापन झाली आणि तिने बेलची पद्धती हजारो शाळांत नेली. कारखान्यांच्या त्या युगात स्वस्तात पुष्कळ मुले शिकविण्याची ही युक्ती सर्वांना पसंत पडली. परंतु शाळेची पद्धती म्हणून तिने कारखान्याचेच रूप घेतले. लांबच लांब बाके, ओळीत बसविलेली शेकडो मुले, प्रत्येक ओळीवर एक ‘मॉनिटर’, ‘पाट्या दाखवा’ असा हुकूम आणि हुकुमासरशी वर जाणारे शेकडो हात! वाळू तेथेही होती. परंतु आता ती हुकुमानुसार लिहिण्याची आणि हुकुमानुसार पुसण्याची वाळू होती. शिकविणारे मूलही होते. पण दुसऱ्याला समजावे म्हणून धडपडण्याची त्याला मुभा नव्हती, वरून आलेला पाठ खाली पोचविणे एवढेच त्याचे काम उरले. एग्मोरच्या वाळूत जे खेळासारखे होते, ते लंडनला पोचेपर्यंत कवायत झाले. पुढे हीच कवायत जहाजात बसून हिंदुस्थानात परत आली आणि एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थांनी लँकेस्टरची पद्धती म्हणून तिचा पुरस्कार केला. आपलीच धूळपाटी आपल्याला परकी होऊन परत मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही.

बेल एग्मोरला असतानाच एक मराठी राजपुत्रही मद्रासमध्ये शिक्षण घेत होता, ही गोष्ट मराठी श्रोत्यांस ठाऊक असावी. तंजावरच्या गादीचा वारस सरफोजी भोसले. वारसाहक्काच्या तंट्यामुळे त्याच्या जीवितास धोका निर्माण झाला, म्हणून १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. त्याचे पालकत्व श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे होते. १७९८ मध्ये गादीवर आल्यावर सरफोजीराजांनी तंजावरास ‘नवविद्याकलानिधी’ या नावाची शाळा काढली आणि देवनागरी ठशांचा छापखानाही उभारला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्या छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांत सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या नीतिकथा होत्या. पुस्तकाचे नाव ‘बालबोध मुक्तावली’. महाराष्ट्रात छापील मराठी पुस्तके दुर्मीळ असताना कावेरीकाठी मुलांसाठी मराठी गोष्टींचे पुस्तक छापले जावे, ही आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातील एक सुखद नोंद आहे. मुलाच्या बुद्धीला उपदेशापेक्षा गोष्ट अधिक मानवते, हे त्या राजाने ओळखले होते.

दुसऱ्या प्रयोगासाठी आपण दीडशे वर्षे पुढे येऊ. १९३९ च्या अखेरीस मारिया मॉंटेसरी आपला मुलगा मारिओ याच्यासह मद्रासला आल्या. अड्यार येथील थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणीदेवी यांनी त्यांना बोलाविले होते. मॉंटेसरीबाईंचे वय तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. अड्यारच्या बागेत झावळ्यांच्या झोपड्या उभारून पहिला शिक्षणवर्ग भरला आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सुमारे तीनशे शिक्षकांनी तो केला. काही महिन्यांचाच मुक्काम ठरला होता. परंतु १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि ही दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरली. मारिओला अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता, त्या निमित्ताने सरकारने त्याची सुटका केली. मायलेकांना मात्र युद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानातच राहावे लागले. त्या सक्तीच्या मुक्कामाने या देशाला हजाराहून अधिक शिकविलेले शिक्षक दिले.

मॉंटेसरीबाईंच्या साधनांत एक साधन असे आहे, की ते पाहून बेलची आठवण झाल्यावाचून राहत नाही. गुळगुळीत पाटीवर खरखरीत कागदाची अक्षरे चिकटविलेली असतात. मूल त्यांवरून बोट फिरविते, आणि अक्षर डोळ्यांना कळण्याआधी बोटाला कळते. दुसरे साधन दंडगोलांचे. लाकडी ठोकळ्यातील खळग्यांत लहानमोठे दंडगोल बसवावयाचे. एक जरी चुकीच्या जागी गेला, तरी शेवटी एक दंडगोल उरतो आणि तो कोठेच बसत नाही. ‘चुकलास’ असे कोणाला सांगावे लागत नाही. मूल स्वतःच थबकते, विचार करते आणि पुन्हा मांडणी करते. धूळपाटी जे न बोलता करीत होती, ते या बाईंनी शास्त्रशुद्ध विचाराने साधनांत आणले, असे म्हणता येईल.

मराठी मुलखात हा विचार त्यापूर्वीच रुजू लागला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाचे कार्य १९२६ मध्ये सुरू झाले. परंतु शहरातील बालमंदिरे ही सुस्थितीतील घरांसाठीच राहत आहेत, हे ताराबाईंना खटकत होते. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी काम आरंभिले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. विलायती साधने महाग, म्हणून त्यांनी चिंचोके, खडे, शिंपले, पाने, काड्या ही साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत, म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या अंगणवाडी या शब्दाचे मूळ तेथे आहे. पुढे १९५७ मध्ये डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच शिक्षकच कुरणात जाऊन शिकवू लागले. त्या शाळेचे नावच ‘कुरणशाळा’ पडले. महागडे साधन बाजूला ठेवूनही त्यामागचे तत्त्व जिवंत ठेवता येते, हे या दोघींनी सिद्ध केले. नक्कल करणाऱ्याला साधन सोडवत नाही. समजून घेणारा साधन सोडतो आणि तत्त्व धरतो.

येथे मद्रासच्या इतिहासातील एका वादाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण ‘कृतीतून शिक्षण’ हे शब्द उच्चारले म्हणजे सर्व काही साधले, असा समज त्याने दूर होतो. १९५३ मध्ये मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी दिवसातून तीन तास शाळेत यावे आणि उरलेल्या वेळात घरी आईबापांचा व्यवसाय शिकावा, असे तिचे स्वरूप होते. शाळा थोड्या आणि मुले पुष्कळ असल्याने दोन पाळ्यांत अधिक मुलांना प्रवेश मिळेल, हा व्यावहारिक हेतूही तीत होता. परंतु कुंभाराच्या मुलाने चाकावर आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तऱ्यावर हात बसवावा, याचा अर्थ जातीचा धंदा त्याच्या कपाळी कायमचा लिहावा असाच होतो, असा आक्षेप पेरियार आणि द्रविड पक्षांनी घेतला. प्रांतभर प्रक्षोभ उसळला. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना रद्द झाली. हाताला काम देणे आणि मनाला मोकळीक देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कृती कोणती करावी हे मुलाच्या जन्माने आधीच ठरविले असेल, तर ती कृती कितीही कौशल्याची असो, तिच्यातून कल्पकतेचा जन्म होत नाही.

तिसरा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. चेन्नई महानगरपालिकेच्या शाळा म्हणजे प्रामुख्याने गरिबांच्या शाळा. १९२० मध्ये याच पालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्यास सुरुवात केली होती, यावरून तेथे येणाऱ्या मुलांची परिस्थिती ध्यानात येते. २००३ मध्ये पालिकेचे आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी अशा तेरा शाळांत एक नवी पद्धती सुरू केली. वेल्लूर जिल्ह्यात असताना वेठबिगारीतून सुटलेल्या मुलांच्या शाळांचा अनुभव त्यांनी घेतला होता. आंध्रातील ऋषिव्हॅली येथे पद्मनाभ राव आणि रमा राव या दांपत्याने एकशिक्षकी खेडेशाळांसाठी पाठ्यपुस्तकाऐवजी पत्त्यांची एक योजना बसविली होती. तिच्यामागे कर्नाटकातील नीलबाग शाळेच्या डेव्हिड हॉर्सबर्ग यांच्या विचारांची प्रेरणा होती. पालिकेच्या शिक्षकांनी ऋषिव्हॅलीस जाऊन हे काम पाहिले आणि आपल्या शाळांसाठी तामिळ भाषेत स्वतः पत्ते तयार केले.

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चाले, ते जरा तपशिलाने सांगितले पाहिजे. पहिली ते चौथीची मुले एकाच खोलीत जमिनीवर चटयांवर बसत. भिंतीवर एक मोठा तक्ता असे. त्याला ‘शिडी’ म्हणत. तीवर प्राणी, पक्षी, वाहने यांची छोटी चित्रे क्रमाने काढलेली. प्रत्येक चित्र म्हणजे एक पायरी, आणि त्या चित्राचा पत्ता मांडणीवरील ताटलीत ठेवलेला. मूल सकाळी येई, स्वतःच आपली हजेरी मांडी, शिडीपाशी जाऊन काल आपण कोठवर आलो ते पाही, आपला पत्ता उचली आणि त्या पत्त्याने सांगितलेल्या गटात जाऊन बसे. एका गटाला शिक्षकाची पूर्ण मदत, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्यात मुले एकमेकांना शिकवीत, तर आणखी एका गटात मूल एकटेच काम करी. काही पत्ते गाण्याचे, काही गोष्टीचे, काही मणी किंवा बिया मोजण्याचे, काही चित्र काढण्याचे. भिंतीच्या तळाशी मुलाच्या उंचीवर फळा रंगविलेला असे आणि त्यावर प्रत्येकाची स्वतःची जागा. डोक्यावर तारा ताणलेल्या असत. मुलांनी त्या दिवशी काढलेली चित्रे त्यांवर टांगीत. या तारांच्या मांडवाला तामिळमध्ये ‘कम्बिप्पंदल’ असे नाव होते. शिक्षकाची खुर्ची गेली आणि तो मुलांबरोबर चटईवर बसू लागला. आजारी मूल चार दिवसांनी परत आले, तरी त्याचा पाठ बुडालेला नसे. शिडीवरील त्याची पायरी त्याची वाट पाहत असे.

सवादोनशे वर्षांपूर्वीच्या एग्मोरपासून हा वर्ग फार दूर नव्हता. मूल मुलाला शिकवीत होते. चूक खडूने लिहिलेली होती आणि हाताने पुसता येत होती. धाक उणावला होता. ज्या मुलांना घरी कोणी ‘तुला काय वाटते?’ असे विचारीत नसे, त्यांना आज कोणता पत्ता घ्यावयाचा हे स्वतः पाहून ठरविण्याची संधी मिळत होती. थोड्याच काळात पालिकेच्या सर्व, म्हणजे अडीचशेहून अधिक प्राथमिक शाळांत ही पद्धती गेली, आणि विजयकुमार राज्याच्या सर्वशिक्षा अभियानाचे प्रमुख झाल्यावर २००७-०८ मध्ये तामिळनाडूच्या सुमारे सदतीस हजार शाळांत ती लागू झाली. इतका मोठा बदल इतक्या अल्पावधीत सरकारी यंत्रणेने घडवून आणल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. देशाच्या इतर राज्यांतून अधिकारी आणि शिक्षक हे वर्ग पाहावयास येऊ लागले.

आणि येथेच माझा पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो. तेरा शाळांतील शिक्षकांनी स्वतः पाहिले होते, वाद घातला होता, पत्ते स्वतः लिहिले होते. सदतीस हजार शाळांतील शिक्षकांच्या हाती ते छापील आले. पहिल्यांसाठी पत्ता ही एक कल्पना होती. दुसऱ्यांपैकी अनेकांसाठी तो एक सरकारी जिन्नस होता. एका खोलीत तीस-चाळीस मुले तीस-चाळीस पायऱ्यांवर असली, म्हणजे त्या सर्वांकडे लक्ष देताना शिक्षकाची तारांबळ उडे. पुस्तक नाही, घरचा अभ्यास नाही, तर मुले शिकतात तरी काय, अशी शंका पालकांना येई. निरीक्षक शाळेत आला, की तारांवर चित्रे टांगली आहेत ना आणि ताटल्या मांडणीवर आहेत ना, हे पाहणे त्याला सोपे जाई; ती चित्रे मुलांनी मनाने काढली की फळ्यावरून उतरविली, हे पाहण्यास वेळ लागतो. शिडीतही एक मर्यादा होतीच. प्रत्येक मुलाचा वेग निराळा असला, तरी वाट सर्वांची एकच होती. पायरी चुकवून पलीकडे उडी मारणाऱ्या, किंवा पत्त्यावर नसलेला प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी तीत फारशी जागा नव्हती.

२०१२-१३ पासून तीन सत्रांची पाठ्यपुस्तके आली, २०१८-१९ पासून नवा अभ्यासक्रम आला आणि २०२२ च्या जूनमध्ये पहिली ते तिसरीसाठी ‘एण्णुम् एळुत्तुम्’, म्हणजे ‘अंक आणि अक्षर’, ही नवी योजना सुरू झाली. महामारीच्या काळात बंद पडलेल्या शाळांमुळे झालेले नुकसान भरून काढणे हा तिचा हेतू होता. तीतही गाणी, बाहुल्या, गोष्टी आणि कृती आहेत. मुलांचे गट त्यांच्या तयारीनुसार पाडले जातात आणि कळीपासून फुलापर्यंतची गोड नावे त्यांना दिलेली आहेत. शिडी भिंतीवरून उतरली, पण मूल जेथे आहे तेथून आरंभ करावा हा तिचा विचार टिकून राहिला. म्हणून हा प्रयोग वाया गेला, असे मी मानीत नाही. सुधारणेचे नाव जाते, साहित्य जाते. एखादी सवय मात्र मागे उरते.

महाराष्ट्रातही असाच अनुभव आला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील प्राथमिक शाळांत प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम केले. फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, शब्दांच्या पट्ट्या यांच्या साहाय्याने खेड्यातील मुले स्वतः शोधून शिकू लागली, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहावयास गेले. २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर अनेक शाळांच्या फरशा रंगल्या. ज्या शाळेतील शिक्षकाने त्या रेषांमागचे कारण समजून घेतले, तेथे त्या रेषा बोलू लागल्या. जेथे केवळ रंगाऱ्याला बोलावून काम उरकले, तेथे ती फरशी शोभेची राहिली.

मग सरकारी आज्ञेने सर्जनशील विचार शिकविता येत नाही, असे म्हणून हात झटकावेत काय? मला ते मान्य नाही. बेलचा आश्रम लष्कराचा होता, चेन्नईच्या शाळा पालिकेच्या होत्या, कुमठ्याच्या शाळा जिल्हा परिषदेच्या. गरिबांच्या मुलांसाठी सरकारी शाळेवाचून दुसरी शाळा नाही, आणि कल्पकता हा केवळ सुखवस्तू घरांतील मुलांचा हक्क नव्हे. सरकारने हे काम केलेच पाहिजे. मात्र आज्ञेने काय देता येते आणि काय देता येत नाही, याचा विवेक हवा. चटया, मणी, पत्ते, रंग, तारा ही सामग्री आज्ञेने देता येते. शिक्षकाला वेळ देता येतो, चांगली शाळा पाहण्याची संधी देता येते, आणि दिलेले साहित्य मोडून नवे करण्याची परवानगीही देता येते. ही शेवटची परवानगीच आमच्या परिपत्रकांतून बहुधा राहून जाते.

इतिहास चाळताना मला शाळा पाहण्याच्या तीन कसोट्या हाती लागल्यासारख्या वाटतात. पहिली, या वर्गात चूक स्वस्त आहे काय? चुकलेले मूल भीतीने मान खाली घालते, की हसून पुन्हा मांडते? दुसरी, येथे मूल दुसऱ्या मुलाला शिकविते काय, आणि शिकविताना स्वतःचे शब्द वापरते काय? तिसरी, दिवसभरात निदान एक तरी काम असे आहे काय, की ज्याचे उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नाही? चिंचोके देऊन ‘दहा मोज’ असे सांगितले, तर उत्तर एकच येते. तेच चिंचोके देऊन ‘बारा चिंचोके सारख्या रांगांत किती तऱ्हांनी मांडता येतील ते पाहा’ असे सांगितले, की वर्गात निरनिराळ्या मांडण्या दिसू लागतात. अर्धी गोष्ट सांगून ‘पुढे काय झाले असेल?’ असे विचारले, की चाळीस मुलांच्या चाळीस गोष्टी होतात. यासाठी पैसा लागत नाही. लागते ती उत्तराची वाट पाहण्याची तयारी.

या कसोट्यांपैकी एकीसाठीही निरीक्षकाच्या छापील तक्त्यात रकाना नसतो. तो रकाना घालावा असेही मी सुचविणार नाही, कारण रकाना आला की तो भरण्याची घाई आली. त्यापेक्षा अधिकाऱ्याने वर्गात अर्धा तास चटईवर बसावे आणि काही न विचारता नुसते पाहावे. एग्मोरला आलेल्या बेलने देशी शाळेत एवढेच केले होते. तो स्वतः आश्रमाचा प्रमुख होता, शिकलेला होता, आणि सत्ताधाऱ्यांपैकी होता. तरीही जमिनीवर बसलेल्या मुलांच्या बोटांकडे त्याने लक्ष देऊन पाहिले आणि त्यांच्यापासून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्याची पद्धती पुढे कवायत झाली, हे खरे. पण तिचा आरंभ ज्या वृत्तीतून झाला, ती वृत्ती आजही प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक कचेरीत पुन्हा आणता येण्यासारखी आहे.